बारा नियम आणि मागची भिंत

मुलांनी इंटरनेट कसं वापरावं, याचे नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं ते माझ्या हुशारीमुळे नव्हे. रेवस आणि मांडवा यांच्या मधल्या एका गावातली आमची आठवीपर्यंतची शाळा. शिक्षक पाच. त्यातल्या दोघांना निवृत्तीचे वेध लागलेले, तिसरे मोबाइलचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवणारे, आणि मुख्याध्यापक सर कुठलीही लिंक आली की ती उघडायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघणारे. राहिले मी. मला मोबाइलमधलं कळतं अशी शाळेत माझी ख्याती होती, आणि खरं सांगायचं तर ती मीच पसरवली होती.

वरून पत्र आलं होतं. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी सुरक्षित इंटरनेट वापराच्या सूचना तयार करा, वर्गात लावा, मुलांकडून प्रतिज्ञा म्हणवून घ्या आणि फोटो पाठवा. आमच्याकडे फोटो नसेल तर काम झालेलंच नसतं. झाड लावलं, फोटो. हात धुतले, फोटो. तोही साधा चालत नाही. खाली जागेचा पत्ता आणि वेळ छापून आलेली लागते. झाड नंतर जगलं का, हे विचारायला अजून कोणी आलेलं नाही.

मी बारा नियम लिहिले. पूर्ण नाव, पत्ता, शाळा, जन्मतारीख अनोळखी माणसाला सांगू नका. फोटो पाठवू नका. पासवर्ड जिवलग मैत्रिणीलाही देऊ नका. खेळता खेळता कोणी फार गोड बोलायला लागलं तर तिथेच थांबा. विचित्र मेसेज आला तर उत्तर देऊ नका, पुसूही नका, विश्वासातल्या मोठ्या माणसाला दाखवा. असे बारा. माझं अक्षर चांगलं आहे. जाड कार्डपेपरवर लाल-निळ्या शाईत तक्ता झाला तेव्हा मीच दोन पावलं मागे जाऊन तो बघत उभी राहिले. सातवीचा वर्ग माझा. मुलांनी हात पुढे करून प्रतिज्ञा म्हटली, तक्ता धरून ओळीत उभी राहिली, मी फोटो काढला, वर पाठवला, शाळेच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला, पालकांच्या ग्रुपवरही टाकला. भराभर अंगठे आले. त्या दिवशी मला घरी जाताना फार बरं वाटत होतं.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी, एका सोमवारी, मधल्या सुट्टीत सातवीतली एक मुलगी ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. बाहेर खिचडीची ताटं वाजत होती. ही मुलगी अंगाने काटकुळी, बोलायला अगदी कमी, पण धावायला लागली की बाकीच्यांनी नुसतं बघावं. केंद्रातल्या शाळांच्या स्पर्धेत ती पहिली आली होती. वडील रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचवर खलाशी. आई मांडव्याच्या बाजूला मुंबईकरांच्या बंगल्यांत धुण्याभांड्याला. तिने इकडे तिकडे बघितलं आणि दप्तरातून मोबाइल काढला.

शाळेत मोबाइल आणायला बंदी. मी तिथूनच सुरुवात केली. माझा आवाज मोठा आहे. मी रागावले की पलीकडच्या अंगणवाडीतली पोरंसुद्धा गप्प होतात असं सगळे म्हणायचे, आणि मला ते ऐकायला आवडायचं.

"बाई, पप्पांचा हाय," ती म्हणाली. "ह्ये तेवढं बघा."

वडील कामावर बटणांचा साधा फोन नेत. मोठा मोबाइल एकदा पाण्यात पडता पडता वाचला होता, म्हणून तो घरी असे आणि अभ्यासाचा ग्रुप त्यावर होता. मी तो हातात घेतला. एका अनोळखी नंबरवरून आलेले मेसेज होते. फोटो एका हसऱ्या, साडीतल्या तरुण बाईचा. लिहिणारा कोण ते देव जाणे, स्वतःला ताई म्हणवत होता. मुंबईतल्या कुठल्याशा क्रीडाकेंद्रासाठी मुली निवडते म्हणे. मुलीला तिच्या पूर्ण नावाने हाक मारलेली, वडिलांच्या नावासकट. धावण्यात पहिली आल्याबद्दल अभिनंदन. मग वाढदिवस कधी झाला ते. मग वाडीचं नाव. मग लिहिलं होतं की, तुझे बाबा लाँचवर असतात, आई बंगल्यांत कामाला जाते, म्हणजे संध्याकाळी तू घरी एकटीच असशील ना. निवडीसाठी फोटो पाठव. घरी आताच काही सांगू नको. आणि शेवटचा मेसेज त्याच सकाळचा. उत्तर दिलं नाहीस तर तुझ्या शाळेत येऊन सांगेन की तूच रोज माझ्याशी बोलत होतीस.

एकवीस वर्षं शिकवतेय, पण असं काही मी वर्तमानपत्राबाहेर कधी बघितलं नव्हतं. 'संध्याकाळी तू घरी एकटीच असशील' हे वाक्य मी तीनदा वाचलं. कोणीतरी कुठेतरी बसून आमच्या एका मुलीचं घर, तिची वेळ, तिच्या आईची वेळ जुळवून ठेवली होती.

मला भीती वाटली की ती रागाच्या वाटेने बाहेर येते. ही माझी जुनी खोड.

"हे सगळं तू सांगितलंस?"

"न्हाय बाई."

"मग याला कसं कळलं? बापाचं काम, आईचं काम, वाढदिवस?"

"मना न्हाय ठाव."

"तू काय लिहिलंस ते कुठंय? तुझे मेसेज पुसलेस ना?"

"मी काय लिवलंच न्हाय."

पडद्यावर खरोखर एकाच बाजूचे मेसेज होते. तिचा एक शब्द नव्हता. ते डोळ्यांसमोर असूनही मी तिला म्हटलं की पुसलेलं परत दिसत नाही म्हणून खोटं बोलू नकोस. तिने माझ्याकडे बघितलं. रडली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली, आणि मला ते निर्ढावलेपण वाटलं. देवा, काय काय वाटतं माणसाला.

मी मेसेजचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये काढून घेतले, सरांना दाखवले आणि तिच्या वडिलांना फोन लावला. ओहोटी होती, रेवसच्या खाडीत पाणी कमी झालं की लाँच थांबते, म्हणून ते तासाभरात येऊ शकले. खाऱ्या पाण्याने भिजून वाळलेली पँट, पायात रबरी चपला. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. एकेक अक्षर लावत त्यांनी सगळं वाचलं. मग सरांना नाही, मला विचारलं, "बाई, ह्या मानसाला आमची वाडी कशी ठाव?"

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "मुलं बोलता बोलता सांगून बसतात दादा. तिलाच विचारा."

त्यांनी मोबाइल खिशात घातला. मुलीला नुसती मान हलवून बाहेर चल म्हटलं. ती दप्तर घेऊन त्यांच्या मागून गेली. मी वर्गात जाऊन अपूर्णांक शिकवले. मुलं नेहमीपेक्षा जास्त शांत होती आणि मी त्यांना नियमांच्या तक्त्याकडे बोट दाखवून म्हटलं, बघा, हे ऐकलं नाही की काय होतं ते. नाव घेतलं नाही. पण तेवीस मुलांच्या वर्गात नाव घ्यायची गरजच काय.

मंगळवारी ती आली नाही. बुधवारी तिची आई आली, कामावर जाता जाता, हातात पिशवी. तिला दाखला हवा होता. पोरीला पालीकडे मामाच्या घरी पाठवायचं ठरलं होतं. मामा शेती करतो, मामीला हाताखाली कोणी नाही.

"आणि शाळा?" मी विचारलं.

"बघू तिकडं," ती म्हणाली. "हिकडं आता वाडीत तोंड दाखवायची सोय न्हाय. तिचा बाप म्हंतो, घरात फोन हाय तवर पोरगी हितं नको."

'शाळेचं बघू' म्हणजे काय, हे आमच्या पेशातल्या माणसाला सांगावं लागत नाही. सातवीच्या मध्यावर दाखला काढून मामाकडे गेलेली मुलगी जून उजाडेपर्यंत भाताच्या रोपांत उभी असते. सरांनी तिला शुक्रवारी यायला सांगितलं. दाखला माझ्या वर्गाचा, तेव्हा नोंद मीच करायची होती.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी ऑफिसात बसले. निदान पोलिसांत शाळेकडून तक्रार द्यावी असं सरांचं मत, आणि लिहायचं काम अर्थातच माझं. कागदाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे, त्या माणसाला काय काय माहीत आहे. उजवीकडे, ते त्याला कोणी सांगितलं. डावी बाजू भरण्यासाठी मी मेसेजचे फोटो पुन्हा उघडले आणि या वेळी शांतपणे, वही तपासावी तसे वाचले.

एका मेसेजमध्ये होतं, 'कष्टाळू आईबाबांची गुणी लेक, वाऱ्याशी पैज लावणारी आमची सुवर्णकन्या.' सोमवारी मी ते वाचून गोड बोलण्याचा नमुना म्हणून पुढे गेले होते. आता तिथे अडकले. हे वाक्य मला येत होतं. पाठ होतं म्हणा ना. कारण ते माझं होतं.

इथे एक सांगायला हवं. आमच्या पिढीत अर्धा गाव एक जूनला जन्मलेला आहे. शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख आठवायची नाही आणि गुरुजी सोयीची तारीख टाकायचे. माझीही तीच. खरी कधीची ते आईलाही सांगता आलं नाही. एवढंच म्हणायची की भात झोडणी चालू होती. म्हणून मी शाळेत एक प्रथा पाडली होती. प्रत्येक मुलाच्या खऱ्या वाढदिवसाला त्याचं एक सुंदर कार्ड करायचं, मोबाइलवरच, आणि शाळेच्या पानावर लावायचं. फोटो, पूर्ण नाव, इयत्ता, वाडी, तारीख, आणि कौतुकाचे चार शब्द. आईवडील काय करतात तेही मी आवर्जून लिहायची, कारण लाँचवरच्या किंवा बंगल्यातल्या कामाची लाज वाटू नये असं मला वाटायचं. पालक ते कार्ड दिवसभर स्टेटसला ठेवायचे. एक आजी तर ते मोठं करून फ्रेम करून घेऊन आल्या होत्या.

मी शाळेचं पान उघडलं. तिचं कार्ड शोधायला एक मिनिट लागलं नाही. निळ्या रिबिनी, हसरा चेहरा, बापाचं नाव, वाडी, तारीख, ते सुवर्णकन्येचं वाक्य, आणि खाली 'बाबा रेवसच्या लाँचवर आणि आई बंगल्यांत दिवसभर राबतात, तरी ही घरचं सगळं एकटीने सांभाळून अव्वल येते.' मी लिहिलेलं. घरी ती एकटी असते हे त्या माणसाला मी सांगितलं होतं. कौतुक म्हणून.

पान कोणालाही बघता येत होतं, मीच ते तसं ठेवलं होतं, जास्त अंगठे यावेत म्हणून. तरी एक गोष्ट सुटत नव्हती. नंबर कुठून मिळाला? नंबर मी कधीच टाकला नव्हता. थोडा धीर आला, लाज सोडून सांगते, मनात आलं की बघ, काहीतरी तिनेही केलं असेल. मग मी प्रतिज्ञेचा फोटो उघडला. सातवीची मुलं, हात पुढे, मध्ये माझा लाल-निळा तक्ता, खाली पत्ता आणि वेळ. मागच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. विद्यार्थ्याचं नाव, पालकाचं नाव, मोबाइल क्रमांक. पावसाळ्यात अचानक शाळा सोडावी लागली तर हाताशी असावी म्हणून लावलेली यादी. माझ्याच सुंदर अक्षरात, लांबूनही वाचता येईल अशी. तिची ओळ अकरावी होती. पहिला मेसेज आला होता तो त्या फोटोच्या दुसऱ्या दिवशी.

बारा नियम वर्गात लावून त्यातल्या पहिल्या दोन नियमांचा फज्जा मीच उडवला होता, एकदा नाही, सगळ्या शाळेतल्या मुलांच्या बाबतीत, वर्षानुवर्षं, तारखांसकट. कागदाची उजवी बाजू भरायची होती. मी तिथे प्रत्येक ओळीत 'मी' असं लिहीत गेले.

सरांना तिथल्या तिथे बोलावून दाखवलं. ते चष्मा काढून बराच वेळ डोळे चोळत राहिले. म्हणाले, "आधी पान बंद करा. यादी काढा. बाकी कुठे बोलू नका. शाळेची पटसंख्या आधीच काठावर आहे." ते वाईट गृहस्थ नाहीत. पट घसरला तर शाळाच राहत नाही, हे मलाही कळतं. मी पान बंद केलं आणि भिंतीवरची यादी ओरबाडून काढली. आणि मग मला स्वच्छ दिसलं की आता कोणालाच काही कळणार नाही. शुक्रवारी आई येईल, मी दाखल्याची नोंद करीन, मुलगी पालीला जाईल, आणि माझी ख्याती शाबूत राहील. हा विचार मी केला. केला नाही असं इथे लिहिता आलं असतं.

गुरुवारी सकाळी मी स्कूटर रेवसच्या जेटीवर नेली. लाँच लागलेली होती, माणसं चढत होती, टोपल्या आत जात होत्या. तिचे वडील दोर धरून उभे होते. मी म्हटलं, दोन मिनिटं बोलायचंय. त्यांनी दोर दुसऱ्याच्या हातात दिला आणि बाजूला आले. मी मोबाइलवर जपून ठेवलेलं ते कार्ड आणि मोठा केलेला फोटो दाखवला. म्हटलं, "दादा, तिने काहीच सांगितलेलं नाही. हे सगळं मी सांगितलंय. तुमचा नंबरसुद्धा."

ते कार्डाकडे बघत राहिले. "ह्यो फोटो मी स्टेटसला ठिवला व्हता," ते म्हणाले. "समद्या लाँचवाल्यांना दावला."

मला वाटलं आता ते ओरडतील. चार माणसांत ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पाण्याकडे बघत म्हणाले, "सोमवारी मी तिला मारली, बाई. जन्मात पयल्यांदा. ती आपली न्हाय न्हायच म्हंत व्हती."

मी मोबाइल बंद करून पर्समध्ये ठेवला.

"आता ह्ये तुमीच तिला सांगा," ते म्हणाले. "मी सांगितलं तर तिला वाटल, बाप समजूत घालतोय."

लाँच जाऊन परत आल्यावर, दुपारी, त्यांच्याबरोबर मी घरी गेले. मुलगी ओटीवर वाल निवडत होती. मामाकडे न्यायची पिशवी भरून कोपऱ्यात ठेवलेली. गालावर काही खूण नव्हती, तरी मी ती शोधली. आईही तेवढ्यात आली. मी तिघांसमोर सगळं सांगितलं, काही न गाळता. वर्गात तक्त्याकडे बोट दाखवून बोलले तेही सांगितलं. आणि म्हटलं, माझं चुकलं, मला माफ कर. मुलांना माफी मागायला मी हजारदा लावली असेल. स्वतः मागताना जीभ किती जड होते ते तेव्हा कळलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग मी शाळंत येऊ?"

वडिलांनी पिशवी उचलून आत नेली.

तक्रार दिली. तपास चालू आहे, एवढंच उत्तर मिळतं. तो नंबर तेव्हापासून बंद आहे, आणि त्यामागे कोण होतं ते आम्हाला आजही ठाऊक नाही. पुढच्या सोमवारी परिपाठाला सगळ्या शाळेसमोर मी सांगितलं की तिच्याकडून काही चूक झालेली नव्हती, चूक बाईंची होती. मोठी मुलं चकित होऊन माझ्याकडे बघत होती. बाई चुकू शकतात ही बातमी त्यांना मेसेजपेक्षा मोठी वाटली असावी. आता फोटो मागितला की मी मुलांच्या पाठीमागून काढते. वरून दोनदा विचारणा झाली, चेहरे का दिसत नाहीत. मी उत्तर लिहून पाठवलं आहे आणि माझ्या मानाने ते बरंच सौम्य आहे.

ती रोज येते. धावते. मैत्रिणींशी पूर्वीइतकंच बोलते, म्हणजे कमीच. महिनाभराने एकदा वह्या गोळा करून ती माझ्या टेबलावर ठेवत होती, वर्गात दुसरं कोणी नव्हतं. मला राहवलं नाही. म्हटलं, "पुन्हा असं काही आलं, तर लगेच मला येऊन दाखवशील ना?"

तिने वह्यांच्या कडा नीट जुळवल्या. रागावलेली दिसत नव्हती. खरंच विचार करत होती.

"न्हाय बाई," ती म्हणाली.

ती खोटं बोलत नाही, हे आता मला माहीत होतं.